रबर आधी काढायचं

माझ्या धाकट्या बहिणीचा हात मोडला तेव्हा जावईबापूंनी स्वतः तिला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. हात त्यांनीच मोडला होता, तेव्हा एवढी तसदी घ्यायला हरकत नव्हती. दार उघडायला उशीर केलास म्हणून त्यांनी तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. एकदा लावून समाधान झालं नाही म्हणून परत लावलं. वाटेत गाडी जागोजागी बंद पडली आणि प्रत्येक वेळी किक मारता मारता ते तिलाच शिव्या देत होते, कारण तिच्या वजनाने गाडी दमते असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात सांगितलं, न्हाणीघरात घसरली. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात.

"ताई, कार्ब्युरेटर बघा जरा. काल हिच्या नादात फार तारांबळ झाली माझी."

मी म्हटलं, "ठेवा भाऊजी, बघते." दात इतके आवळले होते की दाढ दुखायला लागली.

मी गॅरेज चालवते. बापाचं गॅरेज, आता माझं. लग्न केलं नाही; माझ्या तोंडामुळे जमलं नाही असं लोक म्हणतात आणि लोक नेहमीच खोटं बोलतात असं नाही. धाकटीचं तोंड गोड, म्हणून तिचं जमलं. खाणीवरचा मुकादम, भरदार मिशा, स्वतःची मोटारसायकल. अण्णा, म्हणजे आमचे वडील, इतके खूश झाले की त्यांनी त्याची गाडी कायमची फुकट दुरुस्त करायचं कबूल केलं. जावई हा दशमग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान आकाशात असतात. हा दर महिन्याला गॅरेजात यायचा.

कार्ब्युरेटर ही माझी खासियत. त्याला कारण अण्णांचा खोकला. जन्मभर उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये भाग धुतले, हातांची सालं निघाली, छातीत घरघर बसली. डॉक्टर म्हणाले पेट्रोलचा वास बंद. अण्णा म्हणाले, "मग काय थुंकीने धुऊ?" तेव्हापासून मी शोधाला लागले. रॉकेल वापरून पाहिलं. मळ जातो, पण मागे तेलकट थर उरतो आणि त्यावर धूळ बसते. व्हिनेगरने पितळ लखलखतं, पण भाग त्यात विसरलात की धातूवर काळे डाग पडतात. एक कार्ब मी असा नासवला आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. गरम पाण्यात लिंबाचा रस सगळ्यात गुणी, फक्त नंतर सोड्याच्या पाण्यातून काढावं लागतं. डब्यातला स्प्रे एका भोकातून आत जातो आणि दुसऱ्या भोकातून थेट डोळ्यात येतो. जेटच्या बारीक भोकात तांब्याच्या तारेचा एकच धागा घालायचा, टाचणी नाही, टाचणीने भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल ढोसायला लागते. आणि थिनर. शिळ्या पेट्रोलचा जो चिकटा बसतो ना, डिंकासारखा, तो कशाचंच ऐकत नाही, त्याला थिनरच लागतो. माझ्या फळीवर या सगळ्याच्या काचेच्या बरण्या ओळीने उभ्या असतात. कुठल्या बरणीत काय ते मी डोळे मिटून वासावरून सांगते.

पण कशातही धुवा, अण्णांचा पहिला नियम एकच. रबर आधी काढायचं. वॉशर, रिंगा, फ्लोटच्या सुईचं, म्हणजे टाकीतलं पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईचं, रबरी टोक, सगळं काढून पांढऱ्या फडक्यावर मांडायचं, मग बाकीचं बुडवायचं. थिनरमध्ये रबर गेलं की फुगतं. फुगलेली सुई आपल्या भोकात घट्ट बसते आणि पेट्रोल अडवते. खालच्या वाटीत जेवढं पेट्रोल साठलेलं असतं तेवढ्यावर गाडी झकास पळते, आणि मग मरते. मी लहान असताना एकदा विसरले होते. अण्णांनी तेच फडकं माझ्या तोंडावर मारलं होतं.

दुसरा नियम: ज्याने कार्ब्युरेटर उघडला त्यानेच पहिली चक्कर मारायची. गिऱ्हाईक नंतर. "आपली चूक आपल्या ढुंगणाखाली फुटू दे," अण्णा म्हणायचे.

त्या संध्याकाळी धाकटी मागच्या खोलीत बसली होती. एका हाताने स्वयंपाक होत नाही म्हणून नवऱ्याने तिला दिवसभर आमच्याकडे टाकलं होतं. मी तिच्या प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं पाहिली. जांभळी झाली होती.

"ताई, मी जाते," ती म्हणाली.

"कुठे?"

"मैत्रीण आहे ना माझी, दवाखान्याच्या लॉण्ड्रीत. तिथे माणूस हवंय. खोलीही आहे. सकाळच्या बसने गेले तर दुपारी पोचते." तिने दाराकडे पाहिलं. "पण तो मधेच येतो."

तो मधेच येतो हे मला ठाऊक होतं. खाणीवरून तो केव्हाही सुटायचा, टेकडी उतरून यायचा, बायको जागेवर आहे का पाहायचा आणि परत जायचा. इंजिनाचा आवाज आला की धाकटी उभी राहायची. बसलेली सापडली तर तो विचारायचा, काम नाही वाटतं? उभी सापडली तर विचारायचा, कुठे निघालीस? एकदा पळाली होती ती, पायी. त्याने गाडीवरून गाठलं, वेणी हँडलला गुंडाळली आणि पहिल्या गिअरमध्ये घरापर्यंत आणली. आणि त्या गाडीचा कार्ब्युरेटर कोण स्वच्छ ठेवायचं? मी. तिची किक एका फटक्यात बसायची ती माझ्या हातच्या गुणाने. हे मनात आलं आणि माझं डोकंच सटकलं.

"सकाळची बस पकड," मी म्हटलं. "तो तुला इथे सोडून खाणीवर जाईल. अर्ध्या टेकडीवर त्याची गाडी मरेल. तिथून ना धड खाण जवळ, ना धड घर. ती ढकलत खाली येईपर्यंत तू तिकडे चादरी धूत असशील."

"ताई, त्याला कळलं तर?"

"कळेल तेव्हा कळेल."

मी गाडी उघडली. कार्ब्युरेटर सोडवला, वाटी काढली, जेट काढले, तांब्याची तार फिरवली. मग थिनरची बरणी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून सुई रबरासकट आत टाकली. रबर फुगायला वेळ लागतो, म्हणून मी चहा करून प्यायले. काढली तेव्हा टोक चिंचोक्यासारखं गुबगुबीत झालं होतं. मी ते भोकात अंगठ्याने दाबून बसवलं. पण वाटी तर भरायला हवी, ती मी वेगळी भरली आणि मग जोडणी केली. काम नेहमीसारखंच सुबक झालं. चूक एवढीच झाली की पांढरं फडकं घडी घातलेलं तसंच बाकड्यावर राहिलं.

अण्णा आता काम करत नाहीत, पण रोज सकाळी गॅरेजात येऊन स्टुलावर बसतात. त्या सकाळीही आले. त्यांनी बाकड्याकडे पाहिलं. घडीचं फडकं पाहिलं, थिनरची ओली बरणी पाहिली, जावयाची गाडी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. तेवढ्यात जावईबापू आले, पायी, धाकटीला पुढे घालून.

धाकटी जाड दिसत होती. पिशवी घेऊन निघाली असती तर संशय आला असता, म्हणून तिने अंगात दोन ड्रेस घातले होते, एकावर एक. त्याचंही लक्ष गेलंच. "बघा, बापाच्या घरचं खाऊन एका दिवसात फुगली," तो म्हणाला आणि तिच्या पोटाला दोन बोटांनी टोचलं. ती हसली. ते हसणं मला बघवलं नाही.

"झाली का गाडी?"

"झाली. घेऊन जा." मी किल्ली पुढे केली.

आणि अण्णा स्टुलावरून बोलले. "जावईबापू, थांबा. पहिली चक्कर ती मारेल."

मी म्हटलं, "अण्णा, त्यांना उशीर होतोय."

"होऊ दे. ज्याने उघडला त्याने चक्कर मारायची. गिऱ्हाइकाची गाडी आहे."

म्हातारा म्हणजे काय सांगू. पोरीचा हात दारात चेचला तेव्हा म्हणाला, संसारात भांड्याला भांडं लागायचंच. पण गिऱ्हाइकाची गाडी बिघडवून बाहेर पाठवायची, हे त्याला पचेना. सुई फुगलीय असं तोंडाने बोलला नाही, एवढी दया केली. बोलला असता तर माझं डोकं त्याच बाकड्यावर फुटलं असतं.

जावईबापूंना मात्र नियम फार आवडला. त्यांना नियम आवडतातच. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि हिला मागे बसवा. हिच्या वजनाने बंद पडते का ते बघायचंय मला. हिच्यासकट चालली पाहिजे." त्यांनी धाकटीला मानगुटीला धरून सीटवर बसवलं, पोतं टाकावं तशी. प्लास्टरचा हात सायलेन्सरवर आपटला. तिने तो दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर घेतला.

मी किक मारली. एका फटक्यात सुरू. गाडी गोड आवाजात चालायला लागली, इतकी गोड की मला तिची घृणा वाटली.

गल्लीच्या टोकाला दोन वाटा आहेत. डावीकडे वळलं की वळसा घालून परत गॅरेज. उजवीकडे बसचा थांबा, पण तो दूर, पुलाच्या पलीकडे. वाटीत किती पेट्रोल होतं ते मीच भरलं होतं. पुलापर्यंत पुरेल की नाही ते देव जाणे. डावीकडे वळले असते तर त्याच्या हातात गाडी गेली असती, धाकटी तिथेच राहिली असती, सगळं ठरल्यासारखं झालं असतं कदाचित. किंवा त्याच्या डोळ्यांदेखत गाडी बंद पडली असती आणि त्याने मागे बसलेलीचा दुसरा हात मोडला असता. मागून धाकटीने माझ्या कमरेला मिठी मारली.

मी हँडल उजवीकडे घातलं.

आरशात दिसलं: तो क्षणभर तसाच उभा. मग धावला. गॅरेजच्या दारात गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या असतात, किल्ल्या भिंतीवर खिळ्याला. त्याने पहिली किल्ली ओढली. अण्णा स्टुलावरून उठून त्याच्या आडवे आले, दोन्ही हात पसरून. त्यांचा आवाज मला गल्लीच्या टोकाला ऐकू आला. "गिऱ्हाइकाची गाडी आहे. हात लावू नका." त्याने त्यांच्या छातीत लाथ मारली. अण्णा बाकड्यावर पडले, बाकडं फळीवर, आणि माझ्या सगळ्या बरण्या खाली आल्या. तो खळकन आवाजही ऐकू आला. पुढचं दिसलं नाही, कारण आम्ही वळलो होतो.

पूल दिसायला लागला तेव्हा इंजिन खोकलं. मी म्हटलं, "चल ग बाई, चल." पुलाच्या मधोमध ते पुन्हा खोकलं आणि मेलं. थांबा तिथून दिसत होता. बस उभी होती, ड्रायव्हर खाली उतरून टायरवर लाथा मारून बघत होता.

"ताई, पळूया."

"पळाली होतीस ना एकदा? पायी पळालं की तो गाठतो. गाडीच हवी. उतर."

अडकलेली सुई सोडवायची एक युक्ती आहे, दर मेकॅनिकला ठाऊक असलेली. वाटीच्या बुडावर बाहेरून पान्याच्या दांड्याने ठोकत राहायचं. जोरात नाही, एका लयीत. सुई हलते, सुटते, पेट्रोल येतं. नुसती चिकटलेली असेल तर चार ठोक्यांत सुटते. मी तर चांगली फुगवून, अंगठ्याने दाबून बसवली होती. मी गुडघ्यावर बसले आणि ठोकायला लागले.

मागून गाडीचा आवाज आला. धाकटी सवयीने ताठ उभी राहिली.

तो भरधाव येत होता. आम्ही दिसलो तसा त्याने पाय दाबलेला मी पाहिला, आणि त्याचा चेहरा बदललेला पाहिला. ती गाडी ब्रेकच्या कामाला आली होती. पुढचे-मागचे ब्रेक मी आदल्या दिवशी सोडून ठेवले होते, ते अजून कापडात बांधलेले होते. तो आमच्या अंगावरून वाऱ्यासारखा गेला आणि पुलाच्या कठड्यावर आदळला. गाडी फिरली, त्याच्यावर पडली, त्याला घेऊन फरफटत गेली. रस्त्यावर कातडीचा आणि रक्ताचा लांब पट्टा उठला.

नंतर मी अण्णांना विचारलं, ब्रेक नाहीत हे त्याला का नाही सांगितलं? अण्णा म्हणाले, "सांगितलं की. हात लावू नका म्हणून सांगितलं."

मला वाटलं मेला. मी ठोकत राहिले. पण असली माणसं अशी मरत नाहीत. तो गाडीखालून निघाला. एका बाजूची मिशी गालासकट सोलली गेली होती आणि आतले दात दिसत होते. हेल्मेट त्याच्या हातात होतं; तो कधी घालायचा नाही, कोपरात अडकवून फिरायचा. लंगडत आला आणि एक शब्द न बोलता ते माझ्या पाठीत हाणलं.

माझा श्वासच गेला. दुसरा फटका खांद्यावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला आला. मी पाना उजव्या हातातून डाव्यात घेतला. वळून त्याला मारावं असं फार वाटलं. पण वळले असते तर सुई तशीच राहिली असती, म्हणून मी वळले नाही. ठोकत राहिले. तिसरा फटका डोक्यात बसला. डोळ्यांत रक्त आलं, वाटी दिसेना, मी चाचपडून ठोकत राहिले. तो म्हणत होता, "गाडी बिघडवतेस? माझी गाडी?" बायकोचं नाव नाही, गाडीचं. एकेका शब्दाला एकेक फटका.

मग आवाज आला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. फटके थांबले.

मी बाहीने डोळे पुसून मान वळवली. तो गुडघ्यावर होता. धाकटी त्याच्यासमोर उभी होती, प्लास्टरचा हात खांद्यावर उचललेला. तिने तो परत खाली आणला, त्याच्या कानावर. प्लास्टर तडकलं. तो आडवा झाला, हाताने तिचा पाय धरायला लागला. तिने तिसऱ्यांदा मारलं, तोंडावर. या वेळी मोडलं ते प्लास्टर नव्हतं. तिच्या घशातून जी किंकाळी आली ती अजून माझ्या कानात आहे. त्याचे दात तिच्या प्लास्टरमध्ये रुतले होते आणि तिचा हात कोपराखाली भलत्याच दिशेला लोंबत होता. ती चौथ्यांदा उचलायला गेली, पण हात उचलेना.

"बस," मी म्हटलं. "बस झालं, बाळा."

माझ्या बोटांवर गार काहीतरी आलं. पेट्रोल. सुई सुटली होती, आता ती धड बंदही होत नव्हती, वाटीतून पेट्रोल भळाभळा गळत होतं. सुटली होती एवढं पुरे होतं. मी मोडक्या खांद्याने गाडी उभी धरली. पहिली किक गेली, दुसरी गेली, तिसऱ्या किकला तिने काळा धूर टाकला आणि पकडलं. धाकटी एका हाताने माझ्या पाठीला चिकटली. बस हलली होती. मी ती समोरून जाऊन अडवली आणि गाडी तिच्या चाकांपुढे तशीच आडवी टाकली.

ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. मी रक्ताने न्हालेली, ही एका हाताने लुळी, दोघींना पेट्रोलचा वास. तो खाली उतरला, गाडी उचलून बाजूला लावली आणि म्हणाला, "मागच्या सीटवर झोपा. आणि विडी ओढणाऱ्यांनी पुढे या रे."

तो मेला नाही. खाणीवरच्या माणसांनी त्याला उचलून नेलं. दोन बायकांनी भर रस्त्यात लोळवला हे त्याला कुणाला सांगवेना, म्हणून तो सगळ्यांना सांगतो की ब्रेक लागला नाही. ते खोटंही नाही. अण्णांच्या बरगड्या सांधल्या. पांढरं फडकं त्यांनी धुऊन दोरीवर वाळत घातलं आणि मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही.

त्या दुपारी आम्ही मैत्रिणीच्या दवाखान्यात पोचलो. माझा खांदा बांधला, डोक्याला टाके घातले. धाकटीचं फुटकं प्लास्टर कापायला एक डॉक्टरीणबाई आली. तिने आतून एक दात काढून ट्रेमध्ये ठेवला. मग एक्स-रेचा फोटो उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"हे जुनं मोडणं," ती म्हणाली, "आणि हे आजचं, त्याच्याच वर." तिने आवाज खाली आणला. "घाबरू नका. कोणी मोडला हा हात?"

मी धाकटीकडे पाहिलं. मला वाटलं ती न्हाणीघर म्हणणार.

"आधीचा नवऱ्याने," धाकटी म्हणाली. "आजचा मी." मग ती म्हणाली, "बाई, या वेळी प्लास्टर जरा जाड घाला."